प्रवाळं वाचवायचीत? मग मैलापाण्याचं बोला

मागे एकदा एका बेटावर स्नॉर्कलिंगला गेलो होतो, तिकिटासोबत थोडे जास्तीचे पैसे भरले की 'प्रवाळ लावा' असं एक पॅकेज होतं. बोटभर लांबीचा प्रवाळाचा तुकडा, तो झिपटायने लोखंडी फ्रेमला बांधायचा, शेजारी आपल्या नावाची प्लॅस्टिकची पट्टी, मग त्यांचा डायव्हर ती फ्रेम खाली नेऊन ठेवणार आणि आपल्याला सर्टिफिकेट मिळणार. मी बांधला. खोटं कशाला सांगू, भारी वाटलं, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. निघायच्या आधी बोटीच्या टॉयलेटमधे गेलो, फ्लशला हातपंप होता, चार-पाच वेळा दाबला आणि सहज बाजूच्या गोल खिडकीतून खाली बघितलं तर आत्ताच जे गेलं होतं ते बोटीच्या कडेने पाण्यात पसरत होतं. टाकी वगैरे भानगडच नव्हती, पाइप सरळ समुद्रात. आणि पलीकडे अजून दोन-चार जण पाण्यात तोंड घालून मासे बघत होते.

मी कोणाला काही बोललो नाही, हेही सांगून टाकतो.

ते डोक्यात राहिलं कारण नंतर या विषयावर जे जे वाचत गेलो त्यात हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला. ज्या कामाचा फोटो चांगला येतो ते जोरात चालू असतं आणि ज्याचा येत नाही त्याला वाली नसतो. फ्रेमवर तुकडे लावणं, रीफ-सेफ म्हणजे प्रवाळांना न बाधणारं सनस्क्रीन, समुद्रतळाशी सिमेंटचे पुतळे ठेवणं, याला स्पॉन्सर मिळतात. मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट, शेतातून वाहत येणारं खत, कोणता मासा पकडायचा नाही याचा नियम, बोटी बांधायला पाण्यावर तरंगणारे बॉया, यासमोर उभं राहून कोण फोटो काढणार. पण रीफ, म्हणजे प्रवाळांनी बांधलेली पाण्याखालची रांग, टिकणार की जाणार हे या कंटाळवाण्या कामांवर कितीतरी जास्त अवलंबून आहे असं माझं मत आहे, आणि याच्याही वर जे मोठं संकट आहे, तापलेला समुद्र, तेही शेवटी पाइपाचंच प्रकरण आहे, फक्त तो पाइप वर तोंड करून धूर सोडतोय.

आधी हे मरतं कसं ते बघू, कारण गोंधळ इथेच होतो. प्रवाळ हा प्राणी आहे, दगडासारखं जे दिसतं ते त्याने बांधलेलं घर. एकेक पॉलिप काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती बारीक बारीक हात, रात्री ते बाहेर काढून पाण्यातलं काहीबाही पकडतो. पण पोट खरं भरतं ते त्याच्याच अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे, ते उन्हात साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी घरमालकाला देऊन टाकतं, काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातून येते. रंगही बराचसा त्याचाच. आता पाणी नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा फक्त १ अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की हेच शेवाळ प्रवाळाला बाधणारी रसायनं सोडायला लागतं, मग प्रवाळ त्याला अंगाबाहेर काढून टाकतं. उरतो तो पारदर्शक जीव आणि त्यातून दिसणारा पांढराफटक सांगाडा, हेच ते ब्लीचिंग. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर थंड झालं तर भाडेकरू परत येतो, नाही झालं तर थोड्याच दिवसांत सांगाड्यावर करडा-हिरवा थर चढतो आणि खेळ आटोपतो.

हे जगभर एकाच वेळी झाल्याची पहिली नोंद १९९८ ची, त्या एका फटक्यात जगातली सुमारे १६ टक्के प्रवाळं गेली असा अंदाज आहे. मग २०१०, मग २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून चौथी लाट. २०२५ च्या एप्रिलपर्यंतचा हिशोब असा की जगातल्या जवळपास ८४ टक्के रीफ क्षेत्राने ब्लीचिंग होईल एवढी उष्णता सोसलीये. अमेरिकेची नोआ नावाची संस्था उपग्रहांवरून समुद्राचं तापमान बघून धोक्याच्या पातळ्या देते, आधी त्यांचं दोन पातळ्यांवर भागायचं, या लाटेत ती पट्टी पाचपर्यंत वाढवावी लागली. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०१८ च्या रिपोर्टमधलं वाक्य तर आता पाठ झालंय, पृथ्वी दीड अंशाने तापली तर ७० ते ९० टक्के प्रवाळं जाणार आणि दोन अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून जास्त.

एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस म्हणतो, मग गटारं कशाला बांधताय, सगळं जाणारच आहे की. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. उलट याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचा उत्तरेकडचा भाग सगळ्यात लांबचा, वस्ती नाही, शेती नाही, पाणी स्वच्छ, आणि २०१६ साली सगळ्यात जास्त मार बसला तो तिथेच. त्या वर्षी अख्ख्या रीफवरची उथळ पाण्यातली सुमारे ३० टक्के प्रवाळं नऊ महिन्यांत मेली. संशोधकांनी विमानातून पाहणी केली, आकडे जुळवले, आणि निष्कर्ष निघाला की स्वच्छ पाणी आणि मासेमारीबंदी यांनी ब्लीचिंग थांबलं नाही, जिथे पाणी जास्त तापलं तिथे ते झालंच. म्हणजे माझ्या म्हणण्याच्या बरोब्बर उलटं.

पण या पुराव्यात एक फट आहे. ब्लीचिंग होणं वेगळं आणि त्यानंतर उठून उभं राहणं वेगळं. घराला आग लागली तर चांगल्या शेजाऱ्यांमुळे आग लागायची थांबत नाही, पण घर पुन्हा बांधलं जातं का हे बऱ्याच वेळा शेजाऱ्यांवर ठरतं. रीफचे शेजारी म्हणजे शेवाळ खाणारे जीव.

जमैकाचं उदाहरण घ्या, या क्षेत्रातलं क्लासिक आहे. १९७७ साली तिथल्या रीफवर जिवंत प्रवाळ ५२ टक्क्यांच्या आसपास होतं, १९९३ साली राहिलं ३ टक्के. आणि यात जागतिक तापमानवाढीचा हात फारसा नाही. आधी अनेक दशकं सगळे मोठे मासे पकडून संपवले होते, शेवाळ खाणारेसुद्धा. तरी रीफ ठीक दिसत होतं कारण ते काम एकटा काळा सी-अर्चिन, लांब काट्यांचा गोळ्यासारखा जीव, करत होता. १९८० ला ॲलन नावाचं चक्रीवादळ आलं, प्रवाळं मोडली, हळूहळू सावरायला लागली होती, तेवढ्यात १९८३-८४ मधे सी-अर्चिनवर रोग आला आणि अख्ख्या कॅरिबियनमधले ९० टक्क्यांहून जास्त मेले. आता शेवाळ खायला कोणीच उरलं नाही. एकावर भरवसा टाकून बाकीच्यांना घालवलं की हे असं होतं. दगडावर शेवाळाची गादी पसरली की प्रवाळाच्या पिल्लाला चिकटायला जागाच मिळत नाही, आणि ते पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढं असतं, त्याने काय भांडायचं.

शेवाळ खाणाऱ्यांपैकी पॅरटफिश हा मासा एकदा तरी काम करताना बघावा. त्याचे दात एकमेकांना जोडून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात, त्या चोचीने तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, आणि पाण्यात डोकं घातलं की तो करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो, तव्यावरचं करपलेलं उलथन्याने काढल्यासारखा. खरवडताना दगडही पोटात जातो, घशातल्या दुसऱ्या दातांनी तो दळला जातो आणि मागून बारीक पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू टाकतो. ज्या पांढऱ्या बीचवर टॉवेल टाकून लोक पडलेले असतात त्यातली बरीच वाळू या वाटेने आलेली असते, हे कोणी ब्रोशरमधे छापत नाही. मध्य अमेरिकेतल्या बेलीझने २००९ साली पॅरटफिश पकडायला बंदी घातली. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाने तर १९७१ लाच भाल्याने मासे मारणं बंद केलं होतं. या निर्णयांना एक फ्रेम लागली नाही की झिपटाय.

आणि शेजारी चांगले असतील तर उष्णतेतसुद्धा फरक पडतो याचाही पुरावा आहे. २०१५ साली हवाईमधे समुद्र तापला, त्याच्या आधीची आणि नंतरची तिथली बरीच वर्षांची नोंद तपासून २०२३ मधे एक अभ्यास छापून आला. जिथे जमिनीवरून येणारी घाण कमी होती आणि शेवाळ खाणारे मासे भरपूर होते तिथली रीफ्स त्या उन्हाळ्यातून जास्त चांगली बाहेर पडली. दोन्ही गोष्टी एकत्र सुधारल्या तर रीफ चांगलं राहण्याची शक्यता तीन ते सहा पट वाढते असं त्यांचं गणित आहे. हवाईतला मार ग्रेट बॅरियरच्या उत्तर टोकाइतका जबर नव्हता हे धरलं तरी, सगळीच ठिकाणं त्या टोकाइतकी तापत नाहीत ना.

आता मैलापाणी. हवाईमधेच ओआहू बेटावर कानेओहे नावाची खाडी आहे, तिथे अनेक वर्षं शहराचं आणि लष्करी तळाचं सांडपाणी सोडलं जायचं. त्या खतावर हिरव्या फुग्यांसारखं एक शेवाळ माजलं आणि प्रवाळांवर पांघरुणासारखं पसरलं. १९७७-७८ मधे पाइप वळवून खाडीबाहेर खोल समुद्रात नेला, बाकी काहीही केलं नाही, आणि १९८३ पर्यंत प्रवाळांचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. पाइप वळवला म्हणजे घाण नाहीशी झाली असं नाही, लांब ढकलली, हे आहेच. आणि ते हिरवं शेवाळही सगळं गेलं नव्हतं, ते बऱ्याच ठिकाणी चिवटपणे टिकून होतं आणि कोसळलं ते थेट २००६ मधे, सलग कितीतरी दिवस पाऊस आणि ढग राहिल्यामुळे ऊन मिळालं नाही म्हणून. म्हणजे नळ बंद केल्यावरही जवळजवळ तीस वर्षं. निवडणूक पाच वर्षांनी येते, शेवाळ तीस वर्षांनी जातं, यात कोणत्या नेत्याला इंटरेस्ट असणार.

फ्लोरिडात तर याहून वाईट. एल्कहॉर्न नावाचं प्रवाळ, सांबरशिंगासारख्या रुंद फांद्या, कॅरिबियन रीफ उभं करणारा मुख्य गवंडी. त्यावर पांढरे डाग पडायचे आणि डागाखालचं मांस गळून जायचं. शोध घेतल्यावर त्यामागे एक बॅक्टेरिया सापडला, सेराशिया मार्सेसन्स, आणि तो मैलापाण्यातून, माणसाच्या आतड्यातून आलेला निघाला. म्हणजे आपल्या पोटातला जंतू जाऊन प्रवाळाला आजारी पाडतोय. फ्लोरिडा कीज या बेटांवर घरोघरचे शोषखड्डे आणि सेप्टिक टँक होते, खालचा खडक जाळीसारखा, सगळं झिरपून समुद्रात. त्यांनी मग प्रचंड पैसे ओतून गटारयोजना केली, नळ्या टाकल्या, प्लांट उभारले, रस्ते खोदले, लोकांनी शिव्या घातल्या. तरीही पुढे २०२३ चा उन्हाळा आला, आणि कीजमधली एल्कहॉर्न आणि त्याचं भावंड स्टॅगहॉर्न ही प्रवाळं जवळपास सगळीच्या सगळी मेली, इतकी की रीफ बांधणारी म्हणून ती तिथून संपली असं शास्त्रज्ञांनी जाहीर करून टाकलं. हे उदाहरण माझ्या विरोधात जातं हे मला कळतं. पण त्याच २०२३ च्या जुलैमधे समुद्रातल्या प्रवाळ वाढवायच्या नर्सऱ्यांमधून प्रवाळांचे तुकडे घाईघाईने उपसून जमिनीवरच्या टाक्यांमधे हलवले ना, ते उद्या परत लावायचे झाले तर कोणत्या पाण्यात लावणार. स्वच्छ पाण्याची सोय तेव्हा करायला घेऊन चालणार नाही.

मैलापाण्याचा प्लांट आहे म्हणजे काम झालं असंही नसतं. साध्या प्लांटमधून पाणी दिसायला स्वच्छ निघतं, वासही जातो, पण त्यातला नायट्रोजन बराचसा तसाच राहतो, तो काढायला वेगळा टप्पा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. आणि नायट्रोजन नुसतं शेवाळच माजवत नाही. पाण्यात नायट्रोजन जास्त आणि त्यामानाने फॉस्फरस कमी पडला की प्रवाळाच्या अंगातल्या त्या भाडेकरू शेवाळाची उपासमार होते, मग ते नेहमीपेक्षा कमी तापमानालाच ढेपाळतं. म्हणजे गटाराचा आणि उन्हाचा विषय वेगवेगळा धरणंच चूक आहे, घाण पाण्यातलं प्रवाळ आधी पांढरं पडतं.

गंमत म्हणजे विष्ठा-विष्ठेत फरक असतो. हिंदी महासागरात चागोस बेटं आहेत, काही बेटांवर पूर्वी जहाजांबरोबर उंदीर आले आणि त्यांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन पक्षी संपवले, काही बेटांवर उंदीर पोचलेच नाहीत. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून खत थोडं थोडं झिरपत रीफवर जातं, आणि तिथे माशांचं एकूण वजन उंदीरवाल्या बेटांच्या तुलनेत ४८ टक्के जास्त भरलं. म्हणजे रीफ वाचवायला उंदीर पकडायचे, हे काम कोणत्या सर्टिफिकेटवर छापणार सांगा.

एक अन्याय मात्र सगळीकडे सारखा दिसतो. रीफ वाचवायचं ठरलं की पहिली बंदी होडीवाल्या मच्छीमारावर येते, कारण तो समोर दिसतो आणि त्याच्याकडे वकील नसतो. सुरुंग लावून, सायनाइड फवारून मासे पकडणाऱ्यांना सोडा असं मी म्हणत नाही, ते बंदच व्हायला हवं. पण हॉटेलचा पाइप पाण्याखाली असतो, दिसत नाही. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकन नेव्हीचं गार्डियन नावाचं जहाज नकाशातल्या चुकीमुळे आणि चालवणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे फिलिपिन्सच्या तुब्बाताहा रीफवर चढलं, तिथे टेप लावून मोजलं तर २,३४५ चौरस मीटर रीफ मोडलं होतं, आणि दोन वर्षांनी अमेरिकेने ८ कोटी ७० लाख पेसो भरले. छान झालं. पण जहाजाने एका रात्रीत मोडलं तर चौरस मीटरने दंड आणि पाइपाने रोज थोडं थोडं मारलं तर त्याला परवाना, हा कुठला हिशोब.

मच्छीमारांना बरोबर घेतलं तर काय होतं हेही त्याच देशात दिसलंय. अपो बेटावर १९८२ मधे गावकऱ्यांनीच रीफचा छोटा भाग मासेमारीला बंद केला, अँजेल अल्काला नावाचे शास्त्रज्ञ त्यांच्याशी बोलत राहिले, पण राखण गावाने केली. बंद भागात मासे वाढले आणि पुढे शेजारच्या पाण्यात पण मिळायला लागले. लक्षद्वीपचं अजून वेगळं, तिथला मुख्य धंदा ट्यूनाचा, गळकाठीने एकेक मासा उचलून, त्यामुळे रीफवरच्या माशांवर ताण कमी राहिला आणि १९९८ च्या तडाख्यानंतर तिथली रीफ्स सावरली होती. पण मग २०१० आणि २०१६ आलं. १९९८ ते २०२२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलंय.

इथे दुखणं नेमकं दिसतं. १९८० च्या सुमाराला जोरदार ब्लीचिंग एका रीफवर पंचवीस-तीस वर्षांनी एकदा व्हायचं, २०१६ पर्यंत ते अंतर सहा वर्षांवर आलं होतं. लवकर वाढणाऱ्या प्रवाळांनाही नीट सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे स्वच्छ पाणी आणि पॅरटफिश हे सगळं सावरण्याचा वेग वाढवतं, पण दोन तडाख्यांमधला वेळच शिल्लक नसेल तर वेग घेऊन काय करायचं. तो वेळ वाढवायचा एकच मार्ग आहे, कोळसा आणि तेल जाळणं कमी करणं. ऑस्ट्रेलिया रीफवर पैसे खर्च करतं, तिथल्या मासेमारीबंद भागाचं प्रमाण त्यांनी २००४ मधे ५ टक्क्यांहून कमी होतं ते ३३ टक्क्यांवर नेलं, याचं कौतुक आहेच, आणि तोच देश जगातल्या सगळ्यात मोठ्या कोळसा निर्यातदारांपैकी एक आहे. एका हाताने बँडेज आणि दुसऱ्या हाताने, जाऊ दे.

सनस्क्रीनबद्दल दोन शब्द, कारण कोणीतरी विचारणारच. हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळांना बाधतात असं मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद केली, पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटदेशाने २०२० मधे. बंद केलं ते बरंच केलं, पण हा प्रश्न गरम पाणी, मैला आणि मासेमारीच्या रांगेत फार मागे उभा आहे. लांब बाह्यांचा टीशर्ट घालून पाण्यात उतरा, विषय संपला.

नांगराचाही उपाय तितकाच साधा आहे. फ्लोरिडात की लार्गोला १९८१ मधे तळाच्या खडकात भोक पाडून त्यात कडी बसवली आणि वर बॉया बांधला, बोटीने नांगर न टाकता त्या दोरीला बांधून घ्यायचं, बस्स. चाळीस वर्षांहून जास्त झाली या युक्तीला, आणि अजून कितीतरी ठिकाणी नांगर आणि त्याची साखळी रीफवर फरफटत असते.

फ्रेमवर तुकडे लावणाऱ्यांवर माझा राग नाही. काही जाती जिवंत ठेवायला, कुठलं प्रवाळ उष्णता जास्त सोसतं हे शोधायला त्या नर्सऱ्या लागणारच आहेत, आणि जहाजाने मोडलेला तुकडा दुरुस्त करायलाही. पण २००९ ते २०१८ या काळात जगातलं १४ टक्के प्रवाळ गेलं, म्हणजे सुमारे ११,७०० चौरस किलोमीटर. टेबलाएवढ्या फ्रेमा ठेवून हे कधी भरून निघणार. टुरिस्टकडून त्याच पैशातले थोडे बोटीच्या मैल्याची टाकी, ती बंदरावर रिकामी करायची सोय आणि बॉया यासाठी घेतले असते तरी मी दिले असते, तक्रार केली नसती. पण मागितलेच नाहीत, कारण टाकीवर कोणी आपल्या नावाची पट्टी लावत नाही.

माझ्या तुकड्याचं काय झालं ते राहिलंच. सहा महिन्यांनी ईमेलवर फोटो आला, तुकडा जिवंत होता, दोन नवीन फुटवे पण दिसत होते, मी घरात सगळ्यांना दाखवला. वर्षाने अजून एक आला. मग एक फार कडक उन्हाळा गेला आणि फोटो यायचे बंद झाले. मी विचारणा केली, फ्रेमचा नंबर वगैरे सगळं देऊन. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात माझ्या तुकड्याचा उल्लेख नव्हता, नवीन फ्रेमची लिंक होती आणि जुन्या ग्राहकांना डिस्काउंट.